पीएच मीटर परत पाठवण्याआधी

"मीटर नवा आहे, पण डिस्टिल्ड वॉटरमध्ये ७ येत नाही, ५.८ दाखवतोय." असे फोन आम्हाला वरचेवर येतात. मग मीटर कुरियरने येतो, आम्ही तो बफरमध्ये, म्हणजे पीएच ठरलेल्या द्रावणात, बुडवतो, रीडिंग बरोबर निघतं आणि मीटर जसाच्या तसा परत जातो. तुमचे आठ दिवस वाया, आणि द्राक्षाच्या हंगामात आठ दिवस म्हणजे काय हे बागायतदारांना सांगायला नको.

शुद्ध पाण्याचा पीएच ७ असतो हे खरं, पण हवा लागेपर्यंतच. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून थोडं कार्बोनिक आम्ल होतं. ते झेलायला डिस्टिल्ड वॉटरमध्ये काहीच नसतं, त्यामुळे उघड्या भांड्यात ते ५.६ च्या आसपास उतरतं. शिवाय क्षार जवळजवळ नसल्याने आकडा एका जागी थांबतही नाही. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, ते आम्लाला आवरतं. तिथे तोच मीटर स्थिर चालतो.

म्हणून मीटर तपासायचा तो बफरमध्येच. त्यात दुर्बल आम्ल आणि त्याचंच मीठ एकत्र असतं. चिमूटभर आम्ल किंवा अल्कली पडली तरी पीएच फारसा हलत नाही. डिस्टिल्ड वॉटर प्रोब, म्हणजे मीटरचं पाण्यात बुडणारं टोक, धुण्यापुरतंच वापरा. प्रोब त्यात बुडवून ठेवू नका, त्यासाठी सोबतचं पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण आहे.

९.१८ च्या बफरला मात्र जपा. तो अल्कलीधर्मी असल्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि हळूहळू खाली येतो. असा उतरलेला बफर ९.१८ समजून मीटर लावला (कॅलिब्रेट केला), की बोअरचं पाणी आहे त्यापेक्षा जास्त पीएचचं दिसतं आणि पीएच उतरवायला टाकीत आम्ल जास्त पडतं. झाकण लगेच लावा, वापरलेला बफर बाटलीत परत ओतू नका. लिटरची बाटली स्वस्त पडते, तरी आम्ही १०० मिलीचीच सुचवतो ती यासाठी. महिन्यातून एकदाच मीटर लावणाऱ्यांना पावडरची पाकिटं अधिक सोयीची. लागेल तेव्हा ताजा बफर करता येतो.

मीटर परत घेण्याआधी ७ आणि ४ च्या ताज्या बफरमधली रीडिंग आम्ही विचारतो. काहींना ही टाळाटाळ वाटते, पण त्यातूनच प्रोबची अवस्था कळते. दोन्हीकडे जवळपास एकच आकडा आला, तर प्रोब गेला. दोन्ही रीडिंगचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा. वॉरंटीत असेल तर मीटर न मागवता नवा प्रोब त्याच दिवशी रवाना करू.