निघालेली नोटीस आणि कुलूप लावलेले घर

कोकणातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीच्या पडवीत जरा वेळ थांबून फलक वाचावा. ग्रामसभेची नोटीस, घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी, घरकुल मंजूर झालेल्यांची नावे, आणि कोपऱ्यात वारस नोंदीवर हरकती मागवणारा एक कागद. त्या कागदावर पाच-सहा नावे असतात. त्यांपैकी दोघे नालासोपाऱ्याला, एक डोंबिवलीला, एक बहीण लग्न होऊन बडोद्याला, आणि पहिले नाव ज्याचे आहे तो माणूस कधीच वारलेला. गावातल्या घराला कुलूप.

कागदोपत्री नोटीस निघाली, लागली, मुदत संपली. मराठीत आपण दोन वेगळी क्रियापदे वापरतो: नोटीस निघते आणि नोटीस बजावली जाते. कोकणातल्या घराजमिनींचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशी या दोन क्रियापदांमधल्या अंतराचा आहे, असे मला वाटते. आज इथे राहणाऱ्यांचे घर आणि पोटापाणी पुढे कसे असेल, हे समजून घ्यायचे तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

आधी दवंडी होती. जप्ती, लिलाव, सारावसुली, साथीचा रोग, साहेबाचा दौरा, सगळे ढोल वाजवून सांगितले जाई, आणि मग कागद चावडीला डकवला जाई. देशावर गावठाण एका जागी असते, घराला घर लागून असते, ढोल वाजला की गावभर ऐकू जातो. कोकणात गाव म्हणजे विखुरलेल्या वाड्या. मध्ये व्हाळ, टेकडी, भातखाचरे. देवळासमोर पिटलेली दवंडी खालच्या वाडीला पोचायची ती कुणी पाणवठ्यावर बोलले तर. गावकुसाबाहेरच्या वस्तीला तर सर्वात शेवटी.

त्या काळात घर कोणाचे, याचे उत्तर खोताच्या दप्तरात असे. सारा गोळा करून सरकारात भरणारा खोत हळूहळू गावाचा धनीच होऊन बसला. १८८० च्या खोती कायद्याने या पद्धतीला रीतसर चौकट दिली. कूळ जमीन कसायचे, खंड द्यायचे, वेठ करायचे, आणि राहायचे तेही खोताच्याच जमिनीवर. भिंती कुळाच्या, छपराचे नळे कुळाचे, खालची माती खोताची. घरातून निघ म्हटले की निघायचे. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावातून नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. पंचवीस गावांतल्या कुळांनी पाच वर्षांहून जास्त काळ जमिनी कसल्याच नाहीत. लाकूडफाटा विकून, मोलमजुरी करून दिवस काढले. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा यायला १९४९ साल उजाडले.

त्यानंतरचा टप्पा महत्त्वाचा आहे, आणि त्यावर पुरेसे बोलले जात नाही. कूळकायदा १९४८ चा, पण १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून त्या तारखेला कसणारे कूळ कायद्यानेच जमिनीचे खरेदीदार मानले गेले. ऐकायला साधे वाटते. मात्र खरेदीची किंमत ठरवण्यासाठी कलम ३२ग प्रमाणे शेतजमीन न्यायाधिकरण गावात जाहीर नोटीस लावायचे आणि कूळ, जमीनमालक, हितसंबंधी अशा सगळ्यांना ठरलेल्या तारखेला बोलवायचे. कूळ हजर राहिले नाही, किंवा घ्यायची नाही म्हणाले, तर ते खरेदीस राजी नाही असे धरून खरेदी निष्प्रभावी ठरवण्याची तरतूद होती. गैरहजेरीत झालेला असा हुकूम फिरवून मागायला साठ दिवसांची मुदत होती. पण त्यासाठीसुद्धा हुकूम झाला हे आधी कळायला हवे.

आता त्या सालातला कोकणातला कर्ता पुरुष कुठे होता ते बघा. तो गिरणीत होता. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली, तेव्हापासून रत्नागिरीचा माणूस भाऊच्या धक्क्याच्या वाटेने जातच राहिला. लालबाग-परळच्या चाळीत एकाच खोलीत एका गावची वीस-पंचवीस माणसे पाळ्या बदलून झोपायची. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले या बंदरांना आगबोट लागायची, तीही पावसाळ्यात बंद. गावी राहायची बाई, म्हातारे आणि पोरे. चावडीवरचा कागद बाईला वाचता येत नसे, आणि वाचून दाखवणारा बहुधा ज्याचा हितसंबंध उलटा तोच असे. आमच्याकडे जुनी माणसे अजून एक वाक्य बोलतात, "तारीख होती, पण आम्हांस कोणी सांगितले नाही." ते मी लहानपणी इतक्यांदा ऐकले की ती म्हणच वाटायची. पुढे तलाठी दप्तरात हात घालायची वेळ आली तेव्हा त्याचा अर्थ कळला.

घराखालच्या जागेसाठी त्याच कायद्यात कलम १६ आणि १७ आहेत. कुळाला राहत्या घरातून काढता येत नाही, आणि ती जागा विकत घेण्याचा पहिला हक्क त्याचा. ज्यांनी हा हक्क वेळेवर कागदावर आणला त्यांची नातवंडे आज निश्चिंत आहेत. ज्यांनी आणला नाही त्यांच्या घरांना ग्रामपंचायतीचा घर नंबर आहे, वीज मीटर आहे, घरपट्टीची पावती आहे, पण सातबाऱ्यावर दुसऱ्याच कुणाचे नाव आहे. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा कर कोण भरतो एवढेच सांगतो, मालकी सांगत नाही. गृहकर्जाला बँकेत गेल्यावर हा फरक एका मिनिटात समोर येतो.

नोटिशीची दुसरी जागा मुंबईत तयार झाली. गावात ग्रामस्थ मंडळ, मुंबईत मुंबई मंडळ. चाळीच्या जिन्यापाशी काळा फळा, त्यावर खडूने लिहिलेली सभेची तारीख: देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचे छप्पर, रस्ता, पालखी. माझ्या मते कोकणात ही खरी चालणारी नोटीस होती, कारण ती वाचणारे तिथेच राहत. गावची शाळा आणि साकव याच वर्गणीतून उभे राहिले. गावचे घरही तसेच, चिऱ्याची भिंत आणि मंगलोरी कौले मनीऑर्डरीतून आली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांना तो रोजगार परत मिळालाच नाही. त्याचा परिणाम मुंबईइतकाच कोकणातल्या छपरांवर दिसला. काही वर्षे वासे बदलायचे राहून गेले आणि जुनी नळ्यांची घरे एकेक पावसाळ्याने वाकत गेली.

१९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. वरकस डोंगरांवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. जमिनीला पहिल्यांदाच भाताच्या पलीकडची किंमत आली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. अनेकांना वाटले, माणूस आता परत येईल. रेल्वेने माणूस गणपतीला आणला खरा, पण तो पाच दिवसांनी परत गेला. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली; सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. राज्य वाढत असताना हे दोन जिल्हे आकसले. २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा कौतुकाने सांगितला जातो, मला तो कुलुपांचा आकडा वाटतो. घर सांभाळणारी एक म्हातारी, आणि मग तीही नाही.

याच रिकाम्या होत चाललेल्या गावांवर मोठ्या नोटिसा येऊ लागल्या. १९९१ च्या फेब्रुवारीत किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. भरतीरेषेपासून ५०० मीटर नियमनाखाली, आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर बांधकामाला बंद. समुद्रकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोळी, गाबीत, भंडारी कुटुंबांना घर वाढवायचे म्हटले की परवानगीचा प्रश्न आला. २०१९ च्या अधिसूचनेने ही मर्यादा ५० मीटरवर आणली, पण २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या ग्रामीण भागांसाठीच. आमच्या विरळ वाड्यांना जुने २०० मीटरच राहिले. माणसे गेली म्हणून वस्ती विरळ, आणि वस्ती विरळ म्हणून परतणाऱ्याला घर बांधणे अवघड. किनारा राखला पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र नियमाची झळ मच्छीमाराच्या दोन खोल्यांना आधी लागते हेही डोळ्यांनी पाहिलेले आहे.

जंगलाची गोष्ट याहून जुनी. १९५० च्या दशकात भारतीय वन कायद्याच्या कलम ३५(३) खाली खाजगी जमिनींबाबत नोटिसा काढल्या गेल्या. पुढे १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने अशा नोटिसा निघालेल्या जमिनी ३० ऑगस्ट १९७५ पासून शासनाच्या झाल्या. कितीतरी खातेदारांना हे समजले ते सातबाऱ्याच्या इतर हक्कात शेरा पाहून, तीस-चाळीस वर्षांनी. मुंबईतल्या विक्रोळीच्या जमिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये स्पष्ट केले, की नोटीस नुसती काढलेली असून चालत नाही, ती मालकावर बजावली गेलेली असली पाहिजे. प्रकरण मुंबईचे असले तरी असाच शेरा असलेल्या कोकणातल्या खातेदारांनी तो निकाल आपला मानला.

प्रकल्पांचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. गुहागर तालुक्यातला दाभोळ वीज प्रकल्प १९९२ च्या करारातून आला आणि २००१ मध्ये बंद पडला. नंतर वेगळ्या कंपनीकडे गेला. जैतापूरसाठी माडबन परिसरात ९९०० मेगावॅटच्या अणुप्रकल्पाची जमीन घेतली गेली. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना मे २०१७ ची, ती मार्च २०१९ मध्ये रद्द झाली. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या सर्वेक्षणावरून आंदोलन पेटले. औद्योगिक महामंडळाच्या कायद्यातले कलम ३२(२), म्हणजे तुमची जमीन का घेऊ नये ते सांगा, हे राजापुरात आता शाळकरी पोरालाही माहीत आहे. इथे फरक एवढाच पडला की माणसे नोटीस वाचायला लागली, आणि मुंबई मंडळाचा फळा मोबाईलवरच्या गटांत गेला. दुसरी बाजू अशी, की अधिसूचना निघायच्या आधीच बाहेरच्या खरेदीदारांनी सड्यावरची जमीन कवडीमोलाने घेतलेली असते, हा अनुभव रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. नोटिशीच्या आधी बातमी कुणाला लागते, हे विचारायलाच हवे.

मग वादळे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले; पुढच्या मे महिन्यात तौक्ते, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणचा पूर आणि तळीयेची दरड. वादळानंतर पंचनामा होतो, त्याची यादी फलकावर लागते. आमच्या वाडीतले एक घर निम्मे उघडे पडले होते. खाते सामाईक, सह्या सात जणांच्या हव्या, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. मदतीची रक्कम पडून राहिली आणि पुढच्या पावसात माजघराची भिंतही बसली. पैसा होता, कारागीर होते. एका कागदावर सात सह्या होत नव्हत्या.

पुढचे चित्र मला असे दिसते. अलिबाग-मुरुडकडे अटल सेतूनंतर भाव चढले आहेत. तिथल्या तरुण जोडप्याला स्वतःच्याच गावात दोन गुंठे परवडत नाहीत, आणि परवडले तरी तुकडेबंदी कायद्यामुळे एक-दोन गुंठ्यांची नोंदणी वर्षानुवर्षे अडून राहिली. मालवण-तारकर्लीत न्याहारी-निवासाने काही घरे सावरली, पण ते उत्पन्न पाच-सहा महिन्यांचे. बागांत राखणीला नेपाळी कुटुंबे राहतात; ती आता गावची रहिवासी आहेत, पण कुठल्याच यादीत नाहीत. २०२४ मध्ये किनाऱ्यावरच्या शेकडो गावांसाठी सिडको आणि रस्ते विकास महामंडळ यांना विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्याचे निर्णय झाले. आराखड्यांवर हरकती मागवल्या जातात, त्याला मुदत असते. ड्रोनने मोजून मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना गावठाणापुरती आहे, आणि आमची बरीच घरे गावठाणात नाहीतच, ती सर्व्हे नंबरांत आहेत.

फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची, नोटीस आता 'आपली चावडी' या शासनाच्या संकेतस्थळावर दिसते. नालासोपाऱ्यात बसून गावचा प्रलंबित फेरफार पाहता येतो, हरकतीचे पंधरा दिवस मोजता येतात. पण आपले म्हणून शोधायचे कुठले खाते? ते अजून आजोबांच्या वडिलांच्या नावावर आहे. म्हणूनच २०२५ ची 'जिवंत सातबारा' मोहीम मला कोकणासाठी फार मोलाची वाटली होती. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायची, शुल्क नाही, तलाठ्याने स्वतः गावात चावडी वाचन करायचे. वेळापत्रक राज्यभर एकच होते: १ ते ५ एप्रिल वाचन, ६ ते २० एप्रिल वारसांनी कागदपत्रे द्यायची. त्या वर्षी शिमगा मार्चच्या मध्यावर होऊन गेला होता. पालख्या देवळात परतल्या होत्या, चाकरमानी मुंबईला. पोरांच्या परीक्षा संपवून तो परत येणार होता मे महिन्यात, आंबे काढायला.