दुकानात बिअर आहे का, हे सांगणारं सॉफ्टवेअर : पार्श्वभूमी

मे २०२० मध्ये टाळेबंदीत दारूची दुकानं उघडली आणि पुण्यात ई-टोकन आलं. मोबाईल क्रमांक आणि पिन कोड टाकायचा, यादीतलं जवळचं दुकान निवडायचं, मिळालेल्या वेळेला जायचं. टोकन रांगेतल्या जागेचं होतं, बाटलीचं नव्हतं. नंबर लागल्यावरही काउंटरवर ‘माइल्ड संपली, स्ट्राँग देऊ का?’ हे ऐकावं लागणारच. त्याच महिन्याच्या अखेरीला केरळात आलेलं ॲपही रांगेपुरतंच होतं. सुरुवातीला ओटीपी न येण्यावरून ते गाजलं आणि जानेवारी २०२१ मध्ये गुंडाळलं गेलं. साठ्याचा प्रश्न दोन्हीकडे तसाच राहिला.

परदेशात तो आधीच सुटला होता, पण तिथली परिस्थिती वेगळी. स्वीडन आणि कॅनडातल्या ऑन्टारियोत सरकारी दुकानांची साखळी आहे, त्यामुळे एका मालाला सगळीकडे एकच क्रमांक. ऑन्टारियोत संकेतस्थळावरची साठ्याची पानं प्रोग्रॅमने वाचून एका बाहेरच्या माणसाने ती माहिती इतरांना खुली केली. स्वीडनमध्ये सरकारी कंपनीच डेटा देत होती. तिने २०१९ मध्ये तो बंद केला आणि त्यावर उभी असलेली छोटी साधनं आडवी झाली. पुण्यात एकच नळ बंद होण्याची भीती नाही, कारण एकच नळ नाहीच. दुकान वेगळं, मालक वेगळा, संगणकातली मालाची यादीही वेगळी.

चार ठरलेले ब्रँड सगळीकडे मिळत होते तोवर आधी तपासायची गरजही कोणाला नव्हती. २००९ मध्ये शहरात मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणारं ठिकाण आलं, लोकांना गव्हाच्या (व्हीट) बिअरची चव लागली, पुढे बाटलीबंद क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या कारखान्यांची वेगळ्या चवींची बिअर आली. ती मोजक्या दुकानांत असते आणि लवकर संपते.

पुण्यात असं सॉफ्टवेअर करायचं तर खरा वाद साठ्याचा आकडा कुठून घ्यायचा, यावर आहे. सोपं उत्तर म्हणजे चटई रजिस्टर, दुकानातली ब्रँडनिहाय आवक, विक्री आणि शिल्लक यांची रोजची नोंद. एक्साईजसाठी (उत्पादन शुल्क खात्यासाठी) ते ठेवावंच लागतं, त्यामुळे ब्रँडनिहाय शिल्लक संगणकात तयार असते. पण ती भरली कशी जाते, ते बघा. बऱ्याच दुकानांत दिवसभर बिल फाडलंच जात नाही. शटर ओढल्यावर बाटल्या मोजतात, शिल्लक टाकतात आणि सुरुवातीची शिल्लक अधिक टीपीवर (माल वाहतुकीच्या परवान्यावर) आलेला माल, वजा रात्रीची शिल्लक, अशी विक्री निघते. कॅश मेमो त्यावरून संगणकच बनवतो. समजा सकाळी ३० बाटल्या होत्या, दुपारी दोन पेट्या म्हणजे २४ आल्या आणि संध्याकाळी सातपर्यंत ५० गेल्या. फळीवर उरल्या ४. संगणक सांगतो ५४, आणि टीपी अजून चढवला नसेल तर ३०. असा आकडा ‘लाइव्ह’ म्हणून दाखवणं ही सरळ फसवणूक आहे.

बारकोड हा दुसरा पक्ष. मंगळवारी दुपारी तो चालतो. शनिवारी रात्री आठ वाजता एका हाताने पैसे घेणारा आणि दुसऱ्या हाताने पिशवी देणारा पोऱ्या स्कॅनर शोधत बसत नाही, आणि साठा नेमका तेव्हाच बदलत असतो.

म्हणून तिसरा मार्ग बरा: आकडा नकोच. काउंटरवरच्या फोनमध्ये प्रत्येक मालापुढे तीन बटणं : थंड, साधी (आहे, पण थंड नाही), संपली. शेजारी शेवटचं बटण किती वाजता दाबलं ती वेळ, आणि तीन तासांत कोणी हात लावला नाही तर नोंद करड्या रंगात, म्हणजे शिळी. मालकांनाही हे पचतं. आकडा उघड केला की शेजारच्या दुकानाला विक्री कळते, आणि तो रजिस्टरशी जुळला नाही तर एक्साईजपुढे उत्तर मालकानेच द्यायचं. ‘थंड’ वेगळं ठेवणं आवश्यकच आहे. एप्रिल-मेमध्ये गोदामात ६५० मिलीच्या पाच पेट्या असून फ्रीज रिकामा, हे रोजचं आहे. ताज्या भरलेल्या बाटल्या थंड व्हायला काही तास जातात. गिऱ्हाईक ‘आहे का’ विचारतं तेव्हा त्याला थंडच हवी असते.

शोध मात्र ब्रँड, प्रकार आणि मिली या तिन्हींवर चालवावा. एमआरपी बदलली की दुकानाच्या संगणकात जुन्या आणि नव्या भावाच्या बाटल्या दोन कोडांवर जातात. कोडवर शोधलं तर जुना संपताच माल ‘संपली’ दिसतो आणि नवी पेटी समोर पडलेली असते. पाइंट (छोटी बाटली) आणि कॅन २४ च्या पेटीत येतात, मोठी बाटली १२ च्या. पेटी-नगाचा हिशेब इथेच चुकतो.

ड्राय डेला साठा तसाच असतो, विक्री बंद असते. निवडणुकीत मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ सी खाली बंद. विसर्जनाचा बंद जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर, आणि आदेश कधी ठरावीक भागापुरताच असतो. तेव्हा बंदचं कॅलेंडर शहराला न लावता दुकानाला लावावं. दुकानांचा नकाशाही अधूनमधून तपासावा लागतो: १ एप्रिल २०१७ पासून महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, या नियमाने दुकानं बंद पडली, आणि काही महिन्यांत शहरी हद्दीबद्दलच्या खुलाशानंतर बरीच पुन्हा उघडली.

राहिला जाहिरातीचा मुद्दा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं कलम २४ दारूच्या जाहिरातीला मनाई करतं. त्यामुळे साधनात नाव, मिली आणि एमआरपी एवढंच ठेवलेलं बरं. लेबलचा फोटो, ‘आजची ऑफर’ किंवा पैसे घेऊन वर चढवलेलं दुकान नको.