मोरपालनाचा परवाना मिळतो का? आणि शेतात लांडोरीची अंडी सापडली तर अर्ज कसा करायचा?

पावसाळा लागला की वनविभागाच्या कार्यालयात दोन तऱ्हेचे लोक येतात. एकाला मोरपालनाचा परवाना हवा असतो. दुसऱ्याला खुरपणी करताना बांधाच्या कडेला अंडी सापडलेली असतात आणि त्याने ती घरी आणून कोंबडीखाली ठेवलेली असतात. पहिल्याचा अर्ज हमखास नामंजूर होतो. दुसरा अर्जच करत नाही आणि पुढे अडचणीत येतो.

पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे: खासगी व्यक्तीला भारतीय मोर पाळायचा, त्याची पैदास करायचा किंवा तो विकायचा परवाना मिळत नाही. त्याचा नमुना नाही, शुल्क नाही. त्यामुळे ‘साहेबांशी बोलून फाइल पुढे सरकवतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे सरकवायला फाइलच नसते. १९६३ पासून मोर आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्याच यादीत, तो आहे. तरी लोक सातबारा, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र आणि शहरातून पैसे मोजून करून आणलेला प्रकल्प अहवाल घेऊन येतात. कागद सगळे खरे, पण एकाचाही उपयोग नाही. इमूपालनाच्या योजनांत पैसे गुंतवून जे पोळले, त्यांनी तरी मोराच्या जोडीचा आगाऊ भरणा करू नये.

अर्जदारांचे युक्तिवादही ठरलेले असतात. ‘आमचा मोर जंगलातला नाही, पिंजऱ्यातच जन्मलेला आहे.’ कायद्यात बंदिस्त प्राण्याच्या व्याख्येतच ‘पकडलेला, ठेवलेला किंवा बंदिवासात पैदास झालेला’ हे तिन्ही येतं. शिवाय कायदा मोडून पाळलेला किंवा पैदास केलेला वन्यप्राणी राज्य शासनाच्या मालकीचा ठरतो (कलम ३९). तेव्हा विकणाऱ्याने ‘फार्म ब्रीड’ असं छापील प्रमाणपत्र दिलं, तर ते त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून जपून ठेवा.

‘पांढरा मोर विदेशी असतो, त्याला कायदा लागू नाही.’ लागू आहे. पांढरा मोर ही वेगळी जात नाही. आपल्याच मोराच्या पिसांतलं रंगद्रव्य जनुकीय कारणाने गेलेलं असतं, एवढंच. जात तीच, म्हणून अनुसूचीही तीच. समाजमाध्यमांवर ‘इम्पोर्टेड’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या पांढऱ्या आणि कबऱ्या मोरांनी बऱ्याच जणांना गोत्यात आणलं आहे.

‘परिवेश पोर्टलवर एक हजार रुपये भरून नोंदणी होते, असं ऐकलंय.’ परिवेश म्हणजे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं संकेतस्थळ. ऐकलं ते अर्धं खरं आहे. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार अनुसूची ४ मधल्या, म्हणजे प्रामुख्याने परदेशी प्राणी-पक्ष्यांची ती नोंदणी आहे. आधीपासून ते बाळगणाऱ्यांना सहा महिने दिले होते. त्यानंतर ताब्यात आलेल्या प्राण्यासाठी तीस दिवसांची मुदत असते. मकावसारखे परदेशी पोपट पाळणाऱ्यांनी ही नोंदणी जरूर करावी. एखादी जात अनुसूची १ मध्येही असेल, तर तिला अनुसूची १ चेच नियम लागतात. मोराचं नाव टाकून फॉर्म भरलात, तर गुन्ह्याची कबुली आपल्याच सहीने दिल्यासारखं होतं.

आणि ‘आजोबांपासून आमच्या वाड्यावर मोर आहेत’ म्हणणाऱ्यांसाठी: जुने साठे, म्हणजे आधीपासून जवळ असलेले वन्यप्राणी, जाहीर करायची शेवटची संधी एप्रिल २००३ मध्ये १८० दिवसांसाठी होती. मोर पंधरा-वीस वर्षं जगतो. तेव्हा नोंदवलेला पक्षी आज तुमच्या अंगणात असणं अवघडच, आणि त्याच्या नावावर आजचा तरणा मोर दाखवणं हे वनरक्षकालाही कळतं.

रिसॉर्ट किंवा कृषी पर्यटन केंद्रात मोर ठेवायचे असतील, तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. चार पिंजरे आणि एक फलक म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे. पर्यटकांना मोरच दाखवायचे असतील, तर पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीसारखं गाव बघा. तिथले मोर कोणाच्या मालकीचे नाहीत.

आता अंडी सापडलेल्यांकडे. यांचीच मला जास्त काळजी वाटते, कारण यांचा हेतू बहुधा चांगला असतो. अंडी दिसली तर हात लावू नका. अंड्यांना इजा करणं किंवा घरट्यात ढवळाढवळ करणं हे कायद्यात ‘शिकार’ या शब्दात मोडतं, आणि अनुसूची १ साठी शिक्षा किमान तीन ते कमाल सात वर्षं, दंड किमान २५ हजार. लांडोर चाऱ्याला गेली म्हणजे घरटं सोडून गेली, असं नाही. मोर अंड्यांवर बसत नाही, ती एकटीच बसते. तेवढा बांध महिनाभर सोडा, कुत्री आवरा. अंडी साधारण २८ दिवसांनी फुटतात आणि पिल्लं लगेच आईमागे चालायला लागतात. जागा आपोआप मोकळी होते.

लांडोर मेलेली दिसली, वणव्यात किंवा कापणीत घरटं उघडं पडलं, पिल्लू जखमी सापडलं, तरच पुढची प्रक्रिया. वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवा. ते लांब असतील तर पोलीस ठाणं चालतं. कायद्यातली मुदत आहे ४८ तास, आणि नेमकी तीच उलटी वाचली जाते. ही कळवायची मुदत आहे, दोन दिवस घरी ठेवायची सवलत नव्हे. मध्ये रविवार आला म्हणून ती वाढत नाही.

अर्ज साध्या कागदावर चालतो: नाव, गाव, गट क्रमांक, सापडल्याची तारीख आणि वेळ, अंडी किंवा पिल्लं किती, जागेवरचा फोटो. दोन प्रती करा आणि एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. बहुतेकांची गाडी इथे अडते. फोनवर ‘राहू द्या तुमच्याकडे, दोन-चार दिवसांत येतो’ असं उत्तर मिळतं, माणूस विश्वासाने पिल्लू टोपलीखाली ठेवतो आणि आठवड्याने तिसऱ्याच कोणाच्या तक्रारीवरून दुसराच कर्मचारी दारात उभा राहतो. फोन झाला की लगेच त्याच नंबरवर मेसेज टाका: ‘आपल्याशी अमुक वाजता बोलणं झालं, आपल्या सांगण्यावरून पिल्लू माझ्याकडे आहे.’ पिल्लू नेताना पंचनाम्याची किंवा ताबापावतीची प्रत मागा. द्यायला कंटाळतात, तरी मागा.

‘एवढी कटकट कशाला, खुडूक कोंबडी आहेच की घरी’ असं म्हणणाऱ्यांनी उबवणीचं गणित बघावं. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, मोराची २८. शेवटच्या आठवड्यात पुष्कळ कोंबड्या उठून जातात आणि भरत आलेलं पिल्लू अंड्यातच थिजतं. यंत्रात ठेवलीत तर साडेसदतीस अंशांच्या आसपास तापमान, रोज अनेकदा अंडी फिरवणं आणि शेवटच्या तीन दिवसांत दमटपणा वाढवणं हे सगळं आलं. वीज गेली की खेळ संपला. त्यातूनही पिल्लू निघालंच, तर ते समोरचे दाणे टिपतच नाही. लांडोर चोचीत किडा धरून दाखवते, तेव्हा ते खायला शिकतं. वर कोंबड्यांच्या आतड्यातल्या जंतांमधून ‘ब्लॅकहेड’ नावाचा रोग येतो. कोंबडी ठणठणीत राहते, मोराचं पिल्लू गंधकासारखी पिवळी विष्ठा टाकत मरतं. आणि जगलं-वाढलंच, तर माणसालाच आपला कळप समजतं. असा नर मोठा झाला की पोरांच्या अंगावर नख्या घेऊन धावतो. मग मालक ‘घेऊन जा’ म्हणून अर्ज लिहायला येतात, आणि त्यात पहिलाच प्रश्न असतो: हा तुमच्याकडे आला कुठून?

मोरपिसांबद्दलही विचारणा होते. गळालेली पिसं घरात, देव्हाऱ्यात ठेवायला भारतात अडचण नाही, मोराच्या शेपटीच्या पिसांना कायद्यात सूट आहे. निर्यातीला मात्र बंदी आहे. लंडन-दुबईच्या नातेवाइकांसाठी पार्सलात किंवा बॅगेत पिसांची जुडी घालू नका, ती विमानतळावरच राहते.