‘मान वर केलीस!’ : गोल्फमधले जुने समज आले कुठून?

नवशिक्या गोल्फरचा फटका चेंडूच्या टाळक्यावर बसला आणि चेंडू गवतातून सरपटत गेला, की शेजारून निदान ठरलेलं: ‘मान वर केलीस.’ निदान करणाऱ्याचा स्वतःचा चेंडूही थोड्या वेळापूर्वी तसाच सरपटलेला असतो, ती गोष्ट वेगळी.

क्लब आणि चेंडू एकमेकांना भिडलेले असतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. तेवढ्यात काय घडलं ते मारणाऱ्यालाही दिसत नाही आणि बघणाऱ्यालाही नाही. वर आलेली मान मात्र सगळ्यांना दिसते, म्हणून खापर तिच्यावर फुटतं. खरं तर बहुतेक वेळा चेंडू उचलून देण्याच्या नादात सगळं अंगच वर आलेलं असतं. मान त्याच्याबरोबर येते. महान अमेरिकन गोल्फर जॅक निकलॉस लहान असताना त्यांचे गुरू जॅक ग्राउट यांचा सहायक समोर उभा राहून त्यांचे केस धरत असे, हा किस्सा प्रसिद्ध आहे. पण तिथे धडा होता डोकं स्थिर ठेवण्याचा. ऐकीव सल्ल्यात ‘स्थिर’चं ‘खाली’ झालं, आणि हौशी खेळाडू फटका संपला तरी हनुवटी छातीत रुतवून बसू लागले. त्याने शरीर वळायचंच थांबतं. याउलट डेव्हिड ड्युव्हल आणि अॅनिका सोरेनस्टॅम हे अव्वल व्यावसायिक, दोघांचीही नजर चेंडूला क्लब लागायच्या आधीच पुढे वळलेली असायची. ड्युव्हलने १९९९ मध्ये आणि अॅनिकाने २००१ मध्ये अख्खी फेरी अवघ्या ५९ फटक्यांत संपवण्याचा पराक्रम केला, तो याच सवयीसकट.

चेंडू उचलून देण्याचा हा मोह फार जुना आहे. वर जायचं तर खालून वर मारायला हवं, असं साध्या अकलेला वाटतंच. एडिनबराचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात गणित मांडून दाखवलं, की चेंडू हवेत इतका वेळ टिकतो तो उलट्या फिरकीमुळे. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ चा ब्रिटिश हौशी विजेता होता, त्यामुळे प्रश्न घरातलाच होता. फिरकी म्हणजे फटक्यातला दोष, असं तोवर खेळाडूंना वाटे. क्लबच्या पात्याला मुळातच तिरकस उतार दिलेला असतो. चेंडू उचलणं आणि त्याला फिरकी देणं हे काम तो उतार करतो. म्हणून आयर्नचा, म्हणजे तिरकस धातूच्या पात्याच्या क्लबचा, चांगला फटका खाली येता येताच चेंडूला लागतो आणि जमीन त्यानंतर. (टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवलेल्या चेंडूला ड्रायव्हर या सर्वांत लांब पल्ल्याच्या क्लबने किंचित वर जाताना मारणं फायद्याचं, पण तो अपवाद आयर्नच्या फटक्याला लावला की घोटाळा.)

काही समज एके काळी खरेच होते. जुन्या क्लबचे दांडे हिकरीच्या लाकडाचे असत. स्विंगमध्ये, म्हणजे क्लब फिरवताना, असा दांडा पिळवटतो, पातं उघडतं, आणि ते वेळेवर बंद करायला मनगटं वळवावी लागतात. अमेरिकेत १९२४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये पोलादी दांड्यांना मान्यता मिळाली आणि पीळ पुष्कळ कमी झाला. दांडा बदलला, पण ‘मनगटं फिरव’ हा सल्ला तसाच राहिला.

याहून जास्त नुकसान केलं ते चेंडूच्या दिशेबद्दलच्या समजाने. स्विंग ज्या वाटेने जातो त्या दिशेला चेंडू निघतो आणि पात्याचा रोख जिकडे असेल तिकडे शेवटी वळतो, असं पिढ्यान्पिढ्या शिकवलं गेलं. खरं जवळजवळ उलटं आहे. चेंडू सुटतो तो मुख्यतः पात्याच्या रोखाने, आणि त्याचं वळण ठरतं पात्याचा रोख आणि स्विंगची वाट यांतल्या फरकावर. १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये अॅलेस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी शास्त्रीय अभ्यासातून हे मांडलं होतं. तरी शिकवण्यात ते मुरलं नाही; २००३ मध्ये स्थापन झालेल्या डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनसारख्या कंपन्यांची रडार यंत्रं सरावाच्या मैदानांवर आली, तेव्हा कुठे वाद मिटला. तोवर झाडाला वळसा घालायला म्हणून पात्याचा रोख थेट झाडामागच्या झेंड्यावर धरणाऱ्या कितीतरी जणांनी चेंडू झाडावरच आपटला असेल. उजव्या हाताने खेळणाऱ्या स्लाइसवाल्याची, म्हणजे ज्याचा चेंडू उजवीकडे वळत जातो त्याची, गत तर याहून वाईट. चेंडू उजवीकडे जातो म्हणून तो आणखी डावीकडे मारतो. त्याने वाट आणि पातं यांतली फारकत वाढते, आणि चेंडू आणखीच उजवीकडे वळतो.

यातच भर पडली ती अमेरिकन दिग्गज बेन होगन यांच्या औषधाची. चेंडू डावीकडे जोरात वळण्याच्या व्याधीने, म्हणजे हुकने, होगनना ऐन उमेदीत छळलं. ग्रिप, म्हणजे दांड्यावरची पकड, थोडी डावीकडे फिरवून, पातं लवकर बंद होऊ न देता त्यांनी तिच्यावर मात केली. १९५५ मध्ये एका मासिकात त्यांचं ‘गुपित’ छापून आलं, १९५७ मध्ये त्यांचे धडे पुस्तकरूपात आले, आणि जगभरच्या हौशी खेळाडूंनी ते प्रमाण मानले. बहुतेकांची व्याधी मात्र नेमकी उलटी, स्लाइसची. तापाच्या माणसाने सर्दीवाल्याचा काढा प्यावा, तसलाच प्रकार. माझ्या मते यात होगनचा दोष नाही. त्यांनी स्वतःचा इलाज सांगितला, लोकांनी तो सगळ्यांचा मानला.

दिखाव्याला ड्राइव्ह (पहिला लांब फटका), पैशाला पट (होलकडे घरंगळवलेला हलका फटका), ही म्हण दक्षिण आफ्रिकेच्या बॉबी लॉक यांच्या नावावर आहे. ब्रिटिश ओपन ही मानाची स्पर्धा चार वेळा जिंकलेला हा माणूस पटिंगमधला जादूगार होता, तेव्हा त्याच्या तोंडी ती शोभते. पण कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांची नोंद तपासली, तेव्हा वेगळंच दिसलं: चांगल्या आणि साधारण खेळाडूंच्या फटक्यांच्या संख्येतल्या फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. त्यांच्या मोजणीवरून पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेने २०११ पासून पटिंगचा हिशेबही नव्या पद्धतीने मांडायला घेतला. त्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे: आठ फुटांवरून टूरवरचे व्यावसायिकही निम्मेच पट होलमध्ये घालतात. हौशी खेळाडूचा यावर विश्वास बसत नाही, कारण टीव्हीवर त्याला दिसतात ते त्या आठवड्यात आघाडीवर असलेले, म्हणजे ज्यांचे पट त्या आठवड्यात आत जातायत तेच. बाकीचे आठ फुटांवरून चुकतात तेव्हा कॅमेरा दुसरीकडे असतो.