हुगार्डनची १४४५ वाली गोष्ट अर्धीच खरी

हुगार्डन बियरच्या लेबलवर १४४५ दिसलं की लोक सरळ सांगून मोकळे, ही बियर तेव्हापासून सलग बनतेय! नाही हो. बेल्जियमच्या हुगार्डन गावात गव्हाची पांढरी बियर बनायची जुनी परंपरा होती हे खरं, पण लागर (हलक्या, सोनेरी) बियरपुढे एकेक ब्रुअरी, म्हणजे बियरचा कारखाना, बंद पडत गेली आणि शेवटची, टॉमसिन कुटुंबाची, १९५० च्या दशकात कायमची बंद झाली, म्हणजे पांढरी बियर गावातून संपलीच. मग तिथलाच पिएर सेलिस, धंद्याने दूधवाला (हे मला भारी वाटतं), तरुणपणी टॉमसिनकडे हाताखाली काम केलेला, त्याने १९६६ मध्ये धणे आणि संत्र्याची साल घालून ती परत सुरू केली. १९८५ ला त्याच्या ब्रुअरीला आग लागली, पैशासाठी मोठ्या कंपनीला आत घ्यावं लागलं. आजची हुगार्डन म्हणजे त्या सेलिसने सुरू केलेलीच बियर.