‘अंथरुणाला खिळलं की पाठीला जखमा होणारच’, हे खरं नाही

‘माणूस अंथरुणाला खिळला की पाठीला जखमा व्हायच्याच, त्यात शुश्रूषा केंद्राचा काय दोष?’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. आपल्या माणसाचं वय बघून आपल्यालाही ते पटतं.

पण या जखमांचं मूळ वयात नाही, दाबात आहे. माकडहाड, खुबा, टाच इथे हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, रक्तपुरवठा अडतो आणि काही तासांत तिथला भाग मरायला लागतो. ओलं डायपर आणि अपुरं जेवण त्यात भर घालतं. म्हणूनच वेळेवर कूस बदलली तर बहुतेक जखमा टळतात. अगदी शेवटच्या दिवसांतल्या रुग्णाला सगळं करूनही जखम होऊ शकते, हेही खरं.

भेटायला जाल तेव्हा पांघरूण बाजूला सारून आधी टाचा बघा. लालसर डागावर बोट दाबून सोडा. जागा क्षणभर फिकी पडली तर रक्त फिरतंय. लालच राहिली तर जखमेची सुरुवात समजा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तिथे तो भाग गरम किंवा टणक लागतो का ते हाताने पाहा. चोळू मात्र नका, त्याने इजा वाढते.

मग कूस बदलल्याची नोंदवही मागा. साधारण दर २ तासांची नोंद हवी, आणि रात्रीची पानं आधी उघडा. चकचकीत फरशीपेक्षा मला ही वही जास्त विश्वासाची वाटते. ‘एअर बेड आहे, कूस बदलायची गरज नाही’ असं कुणी म्हणालं तर तेही चूक. गादी मदत करते, माणसाला वळवत नाही.