सायप्रसच्या डोंगरावरचा समुद्रतळ

हिंदी महासागराच्या तळावरची धातूंची सल्फाइडं, म्हणजे धातू आणि गंधकाची संयुगं, शोधण्यासाठी भारताने २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला. गोव्यातलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र या कामात आहे. त्याची बातमी आली की 'समुद्राच्या पोटातला खजिना' हा मथळा ठरलेला. वाचणाऱ्याला वाटतं, अशा खनिजाला माणूस आता पहिल्यांदाच हात घालतोय. सायप्रसमध्ये मात्र ते किमान चार हजार वर्षांपूर्वीपासून खणलं जातंय, तेही कोरड्या पायांनी.

कारण बेटाच्या मधोमध उभा असलेला त्रोडोस पर्वत हा मुळात समुद्रतळ आहे. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी टेथिस या आता नाहीशा झालेल्या महासागराच्या तळाला भेगा होत्या. त्यांतून झिरपलेलं पाणी खाली शिलारसाच्या धगीने साडेतीनशे अंशांपर्यंत तापे. वरच्या पाण्याच्या दाबामुळे ते उकळत नसे. हे आम्लधर्मी पाणी खडकातलं लोह, तांबं, जस्त विरघळवत वर येई आणि तळाच्या गार पाण्यात मिसळताच त्यातली सल्फाइडं खाली बसत. पुढे भूपट्टांच्या रेटारेटीत हा तळच वर उचलला गेला. आज त्याचं सर्वोच्च टोक १,९५२ मीटरवर आहे.

प्राचीन खाणकरी डोंगरात बोगदे खणत, लाकडाचे टेकू देत. खनिज भाजून त्यातला बराचसा गंधक उडवायचा, मग वाळू नि कोळसा घालून भात्यांच्या हवेवर वितळवायचं. लोह वाळूशी संयोग पावून मळीत, म्हणजे काचेसारख्या टाकाऊ भागात, जातं, तांबं खाली उरतं. त्या मळीचे सुमारे ४० लाख टनांचे ढीग बेटावर आहेत. तुर्कस्तानजवळ उलुबुरुन इथे इसवी सन पूर्व १४व्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या जहाजात सापडलेलं १० टन तांबं याच बेटाचं, असं त्यातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या शिशाच्या अणूंच्या प्रमाणावरून, दिसतं.

पण मला भट्टीपेक्षा पाण्याचं प्रकरण जास्त आवडतं. दुसऱ्या शतकात गॅलेन हा वैद्य सायप्रसमधल्या सोलीजवळची खाण बघायला गेला होता. बोगद्याच्या छतातून हिरवं पाणी ठिबकत होतं. उघडेनागडे गुलाम ते भांड्यांत भरून, कोंदट हवेत जीव घुसमटायच्या आत बाहेर पळत. बाहेर हौदांत ते घट्ट होऊन खडे बनत आणि ते औषधात वापरले जात. म्हणजे आपली मोरचूद (तांब्याचं सल्फेट) आणि हिराकस (लोहाचं सल्फेट), दोन्हीची सरमिसळ. द्राक्षबागायतदारांना यातली मोरचूद बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकामुळे पाठ असते.

हे पाणी बनतं कसं? लोहमाक्षिकाला, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाला, हवा आणि ओल मिळाली की सल्फ्युरिक आम्ल आणि फेरस लोह तयार होतं. फेरसचं फेरिक (आणखी एक इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह) व्हायला आम्लात एरवी फार वेळ लागतो, पण अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हा जिवाणू त्यावरच जगतो आणि ते काम झपाट्याने उरकतो. फेरिक आयन सल्फाइडातले इलेक्ट्रॉन ओढून घेतात, खनिज फुटतं, तांबं द्रावणात उतरतं आणि फेरिकचं परत फेरस होतं. जिवाणू त्याला पुन्हा फेरिक करतो. असं चक्र चालू राहतं. कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यात ताक कळकतं, तिथेही आम्ल नि हवा मिळूनच तांबं उतरवतात. (तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी ठेवून 'डिटॉक्स' करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं. विरघळलेलं तांबं जास्त झालं की शरीर स्वच्छ होत नाही, मळमळतं.)

सायप्रसमधल्याच स्कुरिओतिसाच्या खाणीत १९९६ पासून हेच मुद्दाम घडवलं जाऊ लागलं. जुन्या खाणकऱ्यांना न परवडणाऱ्या हलक्या खनिजाचे ढीग रचायचे, वरून सौम्य आम्ल ठिबकवायचं, खाली आलेलं द्रावण तळ्यात गोळा करायचं. केरोसिनसारख्या तेलात मिसळलेलं एक रसायन त्यातून नेमकं तांबं उचलतं. मग ते पुन्हा तीव्र आम्लात सोडून विजेच्या साहाय्याने पोलादी पत्र्यांवर चढवतात. भट्टी नाही की मळी नाही.

सोडून दिलेल्या खाणींत मात्र ही क्रिया कुणी न सांगता चालू असते. बेटावरच्या मित्सेरो गावाजवळच्या खाणीच्या खड्ड्यात साठलेलं तळं तांबडंलाल आहे. लोक फोटो काढायला जातात, पण ते पाणी आम्लधर्मी आणि जड धातूंनी भरलेलं आहे.